हयात रीजन्सी स्कायवॉक दुर्घटना

हयात रीजन्सी स्कायवॉक दुर्घटना ही अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरात १७ जुलै १९८१ रोजी घडलेली बांधकाम-दुर्घटना होय. हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रवेश-दालनात छतापासून टांगलेले दोन स्कायवॉक एकावर एक कोसळून ११४ जण मृत्युमुखी पडले व दोनशेहून अधिक जखमी झाले. अमेरिकेतील सर्वाधिक प्राणहानीच्या संरचनात्मक दुर्घटनांमध्ये तिची गणना होते. पोलादी सळई व तुळई यांच्या एका साध्या जोडातील दोष तिच्या मुळाशी होता. तो दोष कसा निर्माण झाला, कोणाच्या नजरेतून निसटला आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नांची या प्रकरणात झालेली उकल न्यायसहायक अभियांत्रिकीच्या अभ्यासात आदर्श उदाहरण मानली जाते. न्यायसहायक अभियांत्रिकी म्हणजे पडझड, तडे, खचणे किंवा बांधकामावरील अपघात यांची कारणे अभियांत्रिकीच्या साधनांनी शोधून ती न्यायालयात टिकतील अशा स्वरूपात मांडण्याची विद्याशाखा.

हॉटेल आणि त्याचे दालन

हे हॉटेल १९८० च्या जुलै महिन्यात खुले झाले. खोल्यांचा उंच मनोरा व सभागृहांची इमारत या दोहोंच्या मध्ये अनेक मजले उंचीचे मोकळे दालन होते. दोन्ही भागांमध्ये ये-जा करण्यासाठी दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या पातळीवर तीन स्कायवॉक होते. मुंबई परिसरातील वाचकांना परिचित असलेले रस्त्यांवरील स्कायवॉक खांबांवर उभे असतात. येथील मात्र दालनाची जमीन मोकळी राहावी म्हणून पोलादी सळयांनी छताला टांगलेले होते. प्रत्येकाची लांबी सुमारे ३७ मीटर व वजन सुमारे २९ टन होते. चौथ्या मजल्याचा स्कायवॉक दुसऱ्या मजल्याच्या स्कायवॉकच्या नेमका वर होता. तिसऱ्या मजल्याचा त्यांच्यापासून बाजूला, स्वतःच्या स्वतंत्र सळयांवर लटकत होता.

बांधकाम चालू असतानाच १४ ऑक्टोबर १९७९ रोजी दालनाच्या छताचा एक भाग कोसळला होता. त्यालाही एक जोड निकामी होणे कारणीभूत ठरले होते. त्यानंतर दालनातील पोलादी काम सुरक्षित असल्याचे आश्वासन अभियंत्यांकडून मिळाले. स्कायवॉकच्या जोडांची आकडेमोड मात्र तेव्हाही झाली नाही. दुर्घटनेनंतरच्या चौकशीत ही गोष्ट अभियंत्यांच्या विरोधात सर्वांत जड ठरलेल्या बाबींपैकी एक होती, कारण चूक दुरुस्त करण्याची संधी त्यांना इमारत खुली होण्यापूर्वी मिळालेली होती.

दुर्घटना

त्या शुक्रवारी संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम होता. जमलेल्या लोकांची संख्या सुमारे १,६०० होती व काही जण वरच्या स्कायवॉकवरून नृत्य पाहत होते. सायंकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास चौथ्या मजल्याचा स्कायवॉक सळयांवरून निसटून खालच्या स्कायवॉकवर आदळला आणि दोन्ही मिळून जमिनीवरील गर्दीवर पडले. तुटलेल्या नळांमधून पाणी दालनात साठू लागल्याने ढिगाऱ्याखाली अडकलेले लोक बुडण्याचा धोकाही निर्माण झाला. पाणी बाहेर काढण्यासाठी बुलडोझरने दर्शनी दरवाजे फोडावे लागले. बचावकार्य सुमारे १४ तास चालले.

मूळ आरेखन आणि बदललेला जोड

चौथ्या व दुसऱ्या मजल्यांच्या स्कायवॉकखाली आडव्या पेटीतुळया होत्या. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे दोन पोलादी चॅनल समोरासमोर ठेवून त्यांच्या कडा वेल्डिंगने जोडल्या की आतून पोकळ अशी चौकोनी तुळई तयार होते. सळईसाठीची भोके या वेल्डिंगच्या रेषेतूनच, म्हणजे तुळईच्या सर्वांत दुबळ्या जागेतून, पाडली होती. सळई भोकातून खाली येई व तुळईच्या खाली नट आणि वॉशर लावून तुळई तीवर टेकवलेली असे. प्रत्येक स्कायवॉकला अशा तीन तुळया व सहा जोड होते.

मूळ आरेखनानुसार ३२ मिलिमीटर व्यासाची एकच अखंड सळई छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार दुसऱ्या मजल्याच्या तुळईपर्यंत जाणार होती. चौथ्या मजल्याच्या पातळीवर नट बसवायचा तर तो सळईच्या खालच्या टोकापासून वर फिरवत न्यावा लागणार, आणि त्यासाठी सळईवर दोन मजल्यांच्या उंचीइतके आटे पाडावे लागणार होते. उभारणीच्या वेळी हे आटे खराब होतील, अशी पोलादी काम करणाऱ्या कंपनीची अडचण होती. ती अडचण खरी होती. त्यावर तिने सुचवलेला उपाय असा, की छतापासूनची सळई चौथ्या मजल्याच्या तुळईखालीच संपवावी, आणि त्याच तुळईला सुमारे १०० मिलिमीटर आतल्या बाजूस दुसरे भोक पाडून तेथून दुसरी सळई खाली सोडावी.

कागदावर हा बदल किरकोळ वाटतो. त्याचा परिणाम समजण्यासाठी जुन्या घरांतील आढ्याला टांगलेल्या मडक्यांची कल्पना करता येईल. एकाच दोरीला वर-खाली दोन गाठी मारून दोन मडकी अडकवली, तर दोरीच्या वरच्या टोकावर दोन्हींचे ओझे येते, पण प्रत्येक गाठीवर एकाच मडक्याचे. दुसरे मडके दोरीऐवजी पहिल्या मडक्यालाच बांधले, तर दोरीवरील एकूण ओझे तेवढेच राहते. वरच्या मडक्याखालच्या गाठीवर मात्र दोन मडक्यांचे ओझे येते. येथेही तसेच झाले. छताजवळच्या सळयांवरील ताण बदलला नाही, परंतु चौथ्या मजल्याच्या तुळईखालील नटावरचा भार दुप्पट झाला. दुर्घटनेनंतर वरच्या सळया नट-वॉशरसह छतापासून तशाच लोंबकळत राहिल्या होत्या. त्या तुटल्या नव्हत्या. तुळईचा तळ फाकून नट तिच्यातून आरपार वर निघून गेला होता.

तपास

पहिला महत्त्वाचा दुवा सरकारी तपास यंत्रणेने नव्हे, तर वृत्तपत्राने उजेडात आणला. कॅन्सस सिटी स्टार या दैनिकाने संरचना अभियंता वेन लिश्का यांची मदत घेतली. आरेखनातील जोड व प्रत्यक्षातील जोड यांतील फरक त्यांनी ओळखला आणि दुर्घटनेला आठवडा होण्याच्या आत तो छापून आला. कॅन्सस सिटी स्टार व कॅन्सस सिटी टाइम्स या भगिनी-दैनिकांना या वार्तांकनासाठी १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

शहराच्या महापौरांच्या विनंतीवरून नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संघराज्य सरकारच्या संस्थेने स्वतंत्र तांत्रिक तपास केला. तिच्या पथकात एडवर्ड फ्रँग व रिचर्ड मार्शल हे प्रमुख होते. पथकाला फक्त कोसळण्याचे तांत्रिक कारण शोधायचे होते. दोष कोणाचा हे ठरवणे त्याच्या कक्षेबाहेर होते. अशी विभागणी न्यायसहायक अभियांत्रिकीत हेतुपुरस्सर पाळली जाते. कोणाला वाचवायचे किंवा कोणाला अडकवायचे याचा विचार सुरू झाला, की मोजमापही त्याच दिशेने झुकू लागते.

प्रारंभी अनेक तर्क पुढे आले. स्कायवॉकवर लोक तालात नाचत असल्याने कंपने वाढली, गर्दी प्रमाणाबाहेर झाली, निकृष्ट पोलाद वापरले गेले, वेल्डिंग कच्चे होते, असे त्यांचे स्वरूप होते. यांपैकी प्रत्येक तर्क तपासून बाजूला करावा लागला. ढिगाऱ्यातील तुळयांची तपासणी झाली. मूळ तुळयांसारखेच नमुने नव्याने बनवून प्रयोगशाळेत त्यांवर मोडेपर्यंत भार वाढवण्यात आला, व ढिगाऱ्यातून मिळालेल्या भागांवरही चाचण्या झाल्या. स्कायवॉकवर त्या वेळी सुमारे ६३ जण असल्याचा अंदाज बांधण्यात आला. एवढ्या लोकांचे वजन इमारत-संहितेने अशा जागेसाठी गृहीत धरलेल्या गर्दीच्या तुलनेत अगदीच थोडे होते. कंपनांचा आधार घेण्याची गरजच उरली नाही, कारण स्थिर भार एकटाच जोड मोडण्यास पुरेसा होता.

न कोसळलेल्या तिसऱ्या मजल्याच्या स्कायवॉकने दिलेली साक्षही तितकीच बोलकी होती. त्याच्या जोडांवर फक्त एकाच स्कायवॉकचा भार होता, तरीही तेथील तुळयांचे पोलाद सळईभोवती वाकू लागल्याचे आढळले. दोष केवळ बदलात नसून मूळ कल्पनेतही आहे, याची ही डोळ्यांना दिसणारी खूण होती.

१९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आकड्यांनी हेच सांगितले. मूळ आरेखनानुसार एकच सळई वापरली असती, तरी जोडाची क्षमता शहराच्या संहितेने मागितलेल्या किमान क्षमतेच्या केवळ सुमारे ६० टक्के भरली असती. प्रत्यक्षात बांधलेल्या जोडाची क्षमता सुमारे ३१ टक्केच होती. चौथ्या मजल्याच्या सहापैकी कोणताही जोड प्रथम मोडू शकला असता. पुराव्यांवरून सुरुवात मधल्या तुळईच्या पूर्वेकडील जोडापासून झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. एक जोड सुटताच त्याचा भार शेजाऱ्यांवर गेला आणि तेही टिकले नाहीत. पोलादाचा दर्जा किंवा कारागिरी यांचा दुर्घटना सुरू होण्यात महत्त्वाचा वाटा नव्हता, असेही अहवालाने नमूद केले. कामगारांनी आरेखनाबरहुकूम काम केले होते.

या आकड्यांमधून एक सूक्ष्म मुद्दा निघतो, जो लोकप्रिय वर्णनांत अनेकदा हरवतो. सळईचा बदल झाला नसता तर संहितेचा भंग झालाच असता, परंतु त्या संध्याकाळच्या भाराखाली स्कायवॉक बहुधा टिकले असते. म्हणून ‘एका सळईच्या दोन केल्या आणि हॉटेल पडले’ हे वाक्य अर्धेच सत्य आहे. सुरक्षिततेसाठी ठेवायची राखीव क्षमता मूळ आरेखनाने आधीच खाऊन टाकली होती, बदलाने उरलीसुरली संपवली.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

जोडाचा तपशील नेमका कोणी ठरवायचा, हा वाद सुनावणीच्या केंद्रस्थानी होता. अमेरिकेतील रूढ पद्धतीत संरचना अभियंता मुख्य अवयव व त्यांवरील भार ठरवतो आणि पोलादी काम करणारी कंपनी कार्यशाळेसाठी तपशीलवार आरेखने बनवून अभियंत्याकडे मंजुरीसाठी पाठवते. जोडाची गणिते कंपनी करील, असे अभियंत्यांनी गृहीत धरले. आरेखनात दाखवलेला जोड अभियंत्यांनी तपासलेलाच असणार, असे कंपनीने गृहीत धरले. बदलाला दूरध्वनीवरून संमती घेतल्याचे कंपनीचे म्हणणे होते, तर असे संभाषण झाल्याचे अभियंत्यांनी नाकारले. कार्यशाळेच्या आरेखनांवर मात्र फेब्रुवारी १९७९ मध्ये अभियांत्रिकी संस्थेचा मंजुरीचा शिक्का उमटला होता. या जोडाचे गणित कोणीच केले नव्हते.

मिसूरी राज्याच्या परवाना मंडळाने जॅक गिलम व डॅनियल डंकन या अभियंत्यांविरुद्ध कारवाई सुरू केली. प्रशासकीय न्यायाधीश जेम्स डॉइश यांनी १९८५ च्या निर्णयात त्यांना घोर निष्काळजीपणा व व्यावसायिक गैरवर्तन यांबद्दल दोषी ठरवले. ज्याच्या शिक्क्याखाली आरेखन बाहेर पडते, त्या अभियंत्याला त्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता. दोघांचे मिसूरीतील परवाने रद्द झाले आणि १९८८ मध्ये अपील न्यायालयानेही ती कारवाई कायम ठेवली. फौजदारी गुन्हा कोणावरही दाखल झाला नाही. पीडित व त्यांच्या कुटुंबीयांना तडजोडीतून मिळालेली भरपाई किमान १४ कोटी डॉलर होती. गिलम यांनी पुढील आयुष्यात अभियंत्यांच्या परिषदांमधून या प्रकरणावर स्वतः व्याख्याने दिली.

व्यवसायावरील परिणाम

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने संरचनेच्या आरेखनाची, त्यातील जोडांसह, अंतिम जबाबदारी संरचना अभियंत्याची असल्याचे पुढे स्पष्ट केले. याच संस्थेत १९८२ मध्ये न्यायसहायक अभियांत्रिकीसाठी तांत्रिक परिषद स्थापन झाली आणि बांधकामांतील अपयशांच्या अभ्यासाला वाहिलेले संस्थेचे नियतकालिक १९८७ पासून निघू लागले. तोवर अपयशाची चर्चा बहुतांशी न्यायालयाच्या दप्तरात किंवा गोपनीय तडजोडींत बंद होत असे, आणि दुसऱ्या गावातील अभियंता तीच चूक पुन्हा करण्यास मोकळा राहत असे. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सचे १९८८ मध्ये नाव बदलून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी असे झाले. न्यू यॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांचा व २०२१ मध्ये फ्लोरिडातील सर्फसाइड येथे कोसळलेल्या निवासी इमारतीचा तपास याच संस्थेने हाती घेतला.

हॉटेल पुढे दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या मजल्याचा उरलेला स्कायवॉक दुर्घटनेनंतर काही दिवसांतच काढून टाकण्यात आला होता. नव्या दालनात दुसऱ्या मजल्याच्या पातळीवर एकच सज्जा बांधण्यात आला व तो खालून खांबांवर उभा करण्यात आला. मृतांच्या स्मरणार्थ हॉटेलजवळ उभारलेल्या स्मारकाचे लोकार्पण नोव्हेंबर २०१५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर ३४ वर्षांनी झाले.