खेळाडूंचा ‘ड्राफ्ट’: हिरा कोणता, काच कोणती?

सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारात कोट्यवधींचे व्यवहार रस्त्यावर होतात. दलाल उभ्या दुचाकीच्या आसनावर रेलून बसतात, खिशातून कागदाची पुडी निघते, डोळ्याला भिंग लागते आणि दोन मिनिटांत निकाल मिळतो: घ्यायचा की परत पुडीत घालायचा. जगातील दहांपैकी नऊ हिऱ्यांना पैलू याच शहरात पडतात, असे सुरतकर अभिमानाने सांगतात. पारख हा त्यांचा पिढीजात धंदा आहे.

अलीकडे याच शहराच्या नावाने एक फुटबॉल संघही उभा राहिला आहे. गुजरात राज्य फुटबॉल संघटनेने मे २०२४ मध्ये अहमदाबादेत सुरू केलेल्या गुजरात सुपर लीगमधील सहा संघांत ‘सुरत स्ट्रायकर्स’ हे एक नाव होते. आता प्रश्न असा, की हिऱ्याला वजन असते, रंग असतो, शुद्धता असते, आणि तो पुडीत गपचूप पडून राहतो. फुटबॉलपटू मात्र धावतो, पडतो, रागावतो आणि ऐन मोसमात त्याचा स्नायू दुखावतो. त्याची पारख कोणत्या भिंगातून करायची? जगभरच्या व्यावसायिक लीगनी या प्रश्नावर जे एक मजेशीर उत्तर शोधले, त्याचे नाव ‘ड्राफ्ट’.

पावणी वेगळी, पंगत वेगळी

ड्राफ्ट आणि लिलाव या दोन गोष्टींत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. लिलाव गोमंतकीयांना समजावून सांगण्याची गरज नाही. देवळातल्या पावणीत नारळाच्या किमतीशी काडीचाही संबंध नसलेला आकडा कसा चढतो आणि शेजारच्या वाड्यावरचा माणूस बोलला म्हणून आपण आणखी शंभर रुपये कसे वाढवतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. इथे जिंकतो तो खिसा, आणि थोडासा अहंकार.

ड्राफ्ट ही पंगत आहे. क्रम ठरलेला असतो. आपली पाळी आली की समोरच्या यादीतून एकाच खेळाडूचे नाव उचलायचे आणि पुन्हा पाळी येईपर्यंत शांत बसायचे. वाढपी आपल्यापर्यंत पोहोचेतो जिलेबी संपली तर तक्रार करता येत नाही. इंडियन सुपर लीगच्या ड्राफ्टमध्ये खेळाडूंचे मानधनही आधीच ठरलेले असे, त्यामुळे बोली वाढवून कोणाला पळवण्याची सोय नव्हती. हातात होती ती फक्त निवड, आणि ती चुकल्यास दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते.

मूळ कल्पना अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळाची. श्रीमंत संघच चांगले खेळाडू गोळा करतात आणि दुबळे दुबळेच राहतात, म्हणून आदल्या मोसमात तळाला असलेल्या संघाने सर्वांत आधी निवड करावी, अशी सूचना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडली. बेल यांचा स्वतःचा संघ तेव्हा तळाशीच होता, ही बाब इथे नमूद करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

नवरदेवच मांडवात आला नाही

फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. पहिल्या पाळीला ईगल्सनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे नाव घेतले. महाविद्यालयीन फुटबॉलमधील हा तेव्हाचा सर्वांत गाजलेला खेळाडू. पुढे त्याचे हक्क शिकागो बेअर्सकडे गेले, पण गडी व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही. देऊ केलेला पैसा त्याला पुरेसा वाटला नाही आणि तो सरळ उद्योगधंद्याकडे वळला. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिला मानकरी मैदानावर उतरलाच नाही. मुहूर्त, मांडव, बँडबाजा सर्व तयार. नवरदेव मात्र नोकरीच्या मुलाखतीला गेलेला.

यानंतरही त्या देशाने धडा घेतला नाही. उलट ड्राफ्टचा उत्सव केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तज्ज्ञ मंडळी प्रत्येक संघाच्या निवडीला शाळेतल्यासारख्या श्रेणी देतात. परीक्षा व्हायची असते, पण निकाल लागलेला असतो. २००० साली टॉम ब्रेडी या खेळाडूला १९९व्या क्रमांकापर्यंत कोणी विचारले नाही. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. यादीतल्या अगदी शेवटच्या खेळाडूला तर तिथे ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे ‘श्रीयुत बिनमहत्त्वाचे’, असा किताबच देतात आणि त्याचा थट्टेचा सत्कारही करतात. २०२२ मध्ये हा मान २६२व्या क्रमांकावरच्या ब्रॉक पर्डीला मिळाला. दोनच वर्षांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, हे बिनमहत्त्वाचे गृहस्थ सुपर बोलच्या अंतिम सामन्यात सान फ्रान्सिस्कोच्या संघाचे सूत्रधार म्हणून उभे होते.

गोव्याने हात वर केला नाही

आपल्याकडे ड्राफ्ट आला तो इंडियन सुपर लीगबरोबर, जुलै २०१४ मध्ये, मुंबईत. एफसी गोवा संघाला तेव्हा फारशी धावाधाव करावी लागली नाही, कारण धेंपो क्लबशी असलेल्या संबंधामुळे भारतीय खेळाडूंचा मोठा गट घरातूनच आला होता. दुसरे शेत पाहण्याआधी आपल्या भाटातले नारळ मोजावेत, हा गोमंतकीय शहाणपणा.

खरी गंमत झाली पुढच्या वर्षी. १० जुलै २०१५ रोजी ड्राफ्टबरोबर दहा निवडक खेळाडूंचा लिलावही झाला. सुनील छेत्रीला मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतले. युजीनसन लिंगडोहसाठी पुण्याने १ कोटी ५ लाख मोजले. दहाही खेळाडू विकले गेले. त्या लिलावात एकही खेळाडू न घेणारे संघ दोनच: एफसी गोवा आणि केरळ ब्लास्टर्स.

त्या मोसमाची साखळी फेरी संपली तेव्हा आठ संघांच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर गोवा होता आणि शेवटच्या क्रमांकावर केरळ. हातात दोन खेळाडू घेऊन लिलावातून बाहेर पडलेला पुणे सातवा होता. छेत्रीने गोल केले, हॅटट्रिकही केली, तरी मुंबई सहावी राहिली. या आकडेवारीतून ‘खरेदी न करणे हेच यशाचे रहस्य’ असा सिद्धांत मांडायला बसावे, तर केरळ आडवा येतो. ‘खरेदी केलीच पाहिजे’ म्हणावे, तर गोवा आडवा येतो. तज्ज्ञांनी त्या वर्षी नेमके काय लिहिले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पारख्यांचा शब्दकोश

निवडीच्या दिवशी संघांच्या निवेदनांतून जी भाषा ऐकू येते, तिचा अर्थ लावण्याची थोडी सवय लागते. लग्न जमवणारे मध्यस्थ आणि संघव्यवस्थापक यांचे पूर्वज एकच असावेत, असा दाट संशय येतो. ‘दीर्घकालीन गुंतवणूक’ म्हणजे यंदा खेळवणार नाही. ‘अनुभवी’ म्हणजे दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या. ‘अष्टपैलू’ म्हणजे याला कुठे खेळवायचे हे अजून ठरलेले नाही. ‘ड्रेसिंग रूममधील त्याची उपस्थिती मोलाची ठरेल’ म्हणजे तो ड्रेसिंग रूममध्येच राहील. आणि ‘आमच्या योजनेत तो पहिल्यापासून होता’ याचा अर्थ, आम्हाला हवा होता तो आधीच्या पाळीला दुसऱ्याने नेला.

संघ बदलण्याच्या कलेत मात्र फुटबॉलपटूंनी फार मिरवू नये. सुरतेने जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आमदारांचा एक अख्खा गट हॉटेलात उतरलेला पाहिला. तिथून तो गुवाहाटीला गेला आणि मुंबईतले सरकार बदलले. गोव्यानेही जुलै २०१९ मध्ये दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ काँग्रेस आमदार एकगठ्ठा संघ बदलताना पाहिले आहेत. फुटबॉलपटूला निदान ‘ट्रान्सफर विंडो’ची तारीख पाळावी लागते.

या शब्दकोशातला सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘कच्चा हिरा’. हा शब्द वापरणाऱ्यांनी एकदा सुरतेला जाऊन यावे. कच्च्या हिऱ्याची किंमत तिथे कोणी भावनेने करत नाही. दगड हातात आला की आधी विचार होतो तो तो कुठून कापायचा, कोणता दोष काढायचा, किती वजन गमवायचे. घासताना निम्म्याहून अधिक वजन जाणे ही नेहमीची गोष्ट. मग घंटीवर बसलेला कारागीर, ज्याला सुरतेत ‘रत्नकलाकार’ म्हणतात, त्याला एकेक पैलू पाडतो. डी बिअर्स ही कंपनी ठराविक खरेदीदारांना कच्च्या हिऱ्यांची पेटी दाखवते, ती घ्यायची किंवा सोडायची. हा जवळजवळ ड्राफ्टच झाला. पण पेटी घेतल्याबद्दल सुरतेत कोणी पेढे वाटत नाही. काम तिथून सुरू होते.

घंटी कुठे आहे?

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवावी लागते. सुरतेच्या आसपास हिऱ्याची एकही खाण नाही. तरीही हे शहर हिऱ्यांची राजधानी आहे, कारण घासण्याचे कसब तिथे आहे. गोव्याची स्थिती नेमकी उलटी आहे. लोहखनिज कच्चेच जहाजात भरून पाठवायचे आणि त्यावरची पुढची कमाई दुसऱ्याने करायची, हा व्यवहार आपण पिढ्यान्पिढ्या केला. फुटबॉलबाबत मात्र एके काळी आपल्याकडे खाणही होती आणि घंटीही. धेंपोने पाच वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरनेही दोनदा राष्ट्रीय विजेतेपद आणले. या क्लबांत पोरगा लहानपणी यायचा आणि तिथेच घडायचा. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि पाठोपाठ धेंपो हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुन्हा त्या लीगमध्ये दिसला तो २०२४-२५ च्या मोसमात. मधल्या आठ वर्षांत जी मुले पंधरा-सोळा वर्षांची होती, त्यांना गोव्यातून राष्ट्रीय स्तरावर जाण्याच्या वाटा किती उरल्या होत्या, याचा हिशेब कोणत्याही ड्राफ्टच्या यादीत सापडत नाही.

याच घंट्यांवर घडलेल्या खेळाडूंनी पुढे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. जुलै २०१७ मध्ये झालेला ड्राफ्ट हा आयएसएलचा शेवटचा ठरला. त्यात सर्वाधिक गाजावाजा झाला तो १ कोटी १० लाख मानधनाच्या अनस एडाथोडिकाचा. जमशेदपूरने त्याला पहिल्याच पाळीला घेतले. एफसी गोवाने मंदार राव देसाई आणि लक्ष्मीकांत कट्टीमणी यांना आधीच राखून ठेवले होते आणि ड्राफ्टमधून ब्रँडन फर्नांडिस व सेरिटन फर्नांडिस हे घरचेच दोघे घेतले. त्या दिवशीच्या मोठ्या मथळ्यांत ही नावे नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनविरुद्ध गोव्याचा विजयी गोल ब्रँडनने केला. मंदार मुळात आघाडीच्या फळीतला; त्याला डावा बचावपटू बनवले ते प्रशिक्षकाने, कोणत्याही यादीने नव्हे.

कट्टीमणीची कहाणी तर प्रत्येक तज्ज्ञाने आपल्या टेबलावर लिहून ठेवावी. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ असे पुढे नेले. मग नव्वदाव्या मिनिटाला चेंडू कट्टीमणीच्या अंगावरून स्वतःच्याच जाळ्यात गेला, लगेच भरपाई वेळेत मेंडोझाने गोल केला आणि चषक चेन्नईला गेला. त्या रात्री या गोलरक्षकाला कोणी किती श्रेणी दिली असती? सव्वासहा वर्षांनी, २० मार्च २०२२ रोजी, त्याच फातोर्ड्यावर तो हैदराबादच्या गोलमध्ये उभा होता. केरळ ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला. कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेता ठरला. तोच माणूस, तेच मैदान.

२०१८ पासून ड्राफ्ट बंद आहे. क्लब आणि खेळाडू थेट करार करतात, म्हणजे पंगत उठली आणि ज्याचा त्याचा स्वयंपाक सुरू झाला. पण करार हा कागद असतो, हेही आपण पाहिले. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांचा प्रश्न सुटेना म्हणून आयएसएलचा मोसम रोखला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. कोटींच्या मथळ्यांतले खेळाडू अशा काळात कसेबसे तग धरतात. वीस वर्षांचा, नुकताच पहिला करार झालेला मुलगा मात्र घरी बसतो, आणि त्याला घरी बसलेले कोणी मोजत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणत्या संघाने कोणाला उचलले यावर चहाच्या टेबलावर वाद घालताना, तो अवश्य घालावा, त्यात मजा आहे. पण सोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत. हा मुलगा बारा वर्षांचा असताना कोणत्या मैदानावर खेळत होता? आणि ते मैदान, तो क्लब, तो प्रशिक्षक आज तिथे आहे का? सुरत स्ट्रायकर्सच्या चाहत्यांना हे प्रश्न नवे असतील. गोव्यात त्यांची उत्तरे ठाऊक असलेली माणसे अजून प्रत्येक वाड्यावर आहेत. त्यांना विचारायला हवे.