पौषातील ऊन वाटी

पौष वद्य एकादशी जवळ आली की त्र्यंबकेश्वरात थंडी आणि दिंड्या बरोबरच उतरतात. ब्रह्मगिरीचा कडा सकाळी उशिरापर्यंत धुक्यात असतो, कुशावर्ताच्या ओल्या पायऱ्यांवरून पाय आखडतात, आणि संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला कित्येक दिवस चालून आलेली सत्तरी ओलांडलेली माणसे राहुट्यांच्या बाहेर चुलीपाशी हात शेकत बसलेली दिसतात. नाशिकहून हे गाव जेमतेम 28 किलोमीटर. पण पश्चिमेकडचा डोंगर आणि उघडा माळ यांमुळे इथला गारठा शहरापेक्षा निराळा लागतो. अशा दिवसांत घरोघरी वृद्धांसाठी काहीतरी ऊन ऊन, पातळ करून द्यायची पद्धत आहे. आता त्याला सर्रास सूप म्हणतात. पूर्वी कढण, सार, पेज, आंबील, कळण अशी ज्याची त्याची नावे होती, आणि ती नावे पदार्थ कशाचा व किती दाट हेही सांगून जात. हा दाटपणाच पुढे आमच्या घरात कळीचा मुद्दा ठरला, म्हणून तेच आधी सांगते.

आमच्या सासूबाई ऐंशीला टेकलेल्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला आणि त्यातून त्या चांगल्या सावरल्या. हिवाळा लागताच आम्ही त्यांना रोज संध्याकाळी टोमॅटोचे सार देऊ लागलो. पातळ, गाळून घेतलेले, वर तुपाची जिऱ्याची फोडणी. त्या ते आवडीने पीत, आणि दोन-तीन घोटांनंतर त्यांना हमखास ठसका लागे. आम्ही पाठीवर हात फिरवून म्हणायचो, कोणीतरी आठवण काढली. जेवणानंतर त्यांचा आवाज ओलसर, घोगरा येई; त्याचे खापर आम्ही थंडीवर फोडले. महिन्याभरात दोनदा ताप आला. दुसऱ्या वेळी छातीचे छायाचित्र काढल्यावर न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता : पाणी पिताना ठसका लागतो का?

गिळण्याची क्रिया आपल्याला सोपी वाटते, पण त्या क्षणी श्वासनलिकेचे दार वेळेवर मिटावे लागते. वयोमानाने, अर्धांगाने, कंपवाताने किंवा स्मृतिभ्रंशाने हे मिटणे मंदावते. पाणी, चहा, पातळ सार हे पदार्थ वेगाने घसरतात आणि दार मिटण्याआधीच पुढे पोहोचतात. म्हणजे घट्ट भाकरीपेक्षा पातळ साराचाच धोका अशा माणसाला अधिक, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हती. म्हाताऱ्या माणसाला पातळ द्यावे, म्हणजे उतरायला सोपे, हेच आम्ही धरून चाललो होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. अन्न मुकाट्याने फुप्फुसात जात राहते. म्हणून वारंवार ताप, जेवणाला लागणारा फार वेळ, जेवणानंतर ओला आवाज, कारण नसताना घटणारे वजन, यांपैकी काही दिसले तर घरच्या घरी प्रयोग करू नयेत. डॉक्टर स्पीच थेरपिस्टकडे पाठवतात. कोणाला किती दाट पदार्थ चालेल, हे तपासून तेच ठरवतात.

आमच्याकडे उत्तर निघाले ते नागलीच्या पेजेत. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यात भाताबरोबर नागली आणि वरई ही डोंगरउताराची जुनी पिके. आमच्या कामाला येणाऱ्या बाई महादेव कोळी पाड्यावरच्या. त्यांच्या घरी ही पेज बारमाही. दोन मोठे चमचे नागलीचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचे, दीड वाटी पाण्याला आधण आले की धार धरून सोडायचे आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे ढवळत राहायचे. रंग गडद झाला आणि कच्चा वास गेला की झाली. ताक घालायचे असेल तर भांडे खाली उतरवून, जरा निवल्यावर. नाहीतर ते फाटते. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे खरे. परंतु आमच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे चमचा तिरका केला असता ती धारेने न पळता सावकाश घसरते. एक ध्यानात ठेवावे : पेज निवताना आणखी आळते. थेरपिस्टनी सांगितलेला दाटपणा पिण्याच्या वेळी हवा, चुलीवर असताना नव्हे.

पाजण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. वृद्ध व्यक्तीला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून वाटी ओठाला लावू नये. लहान चमचा घ्यावा, एक घास उतरल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा आणि मधे प्रश्न विचारू नयेत. (आमच्याकडे शेजारणी नेमक्या याच वेळी येत, शेवटी आम्ही दार लोटून घेऊ लागलो.) खाणे झाल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये. आणि तोंड स्वच्छ ठेवावे, कवळीसुद्धा. तोंडातले जंतूच अन्नाबरोबर छातीत उतरतात.

कवळीवरून उष्णतेची गोष्ट आठवली. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे पदार्थ किती कढत आहे हे कळायला उशीर होतो. 65 अंश सेल्सियसच्या वरची पेये नेहमी पिण्याचा संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली सांगितले आहे. ऊन म्हणजे कढत नव्हे. पाजणाऱ्याने आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहावा.

गिळण्याची तक्रार नसलेल्या वृद्धांना सार-कढण अवश्य द्यावे. वयपरत्वे तहानेची जाणीव बोथट होते, थंडीत ती आणखी लपते, आणि रात्री उठावे लागेल या धास्तीने म्हातारी माणसे पाणी टाळतात. अशांना दुपारी चारच्या सुमारास एक वाटी कढण हा चांगला उपाय आहे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल, तर ही वाटीही त्याच मापात धरायची.

मुगाच्या कढणाबद्दल एक तक्रार मला नोंदवायचीच आहे. अनेक घरांत मूग शिजवून वरचे पाणी तेवढे आजीला देतात आणि खालची डाळ बाकीचे खातात. आयुर्वेदाने आजारातून उठलेल्या माणसाला आधी पेया, मग क्रमाक्रमाने यूष सांगितला, तो पचनशक्ती परतेपर्यंत. महिनोन् महिने वरच्या पाण्यावर ठेवण्यासाठी नव्हे. पाव वाटी, म्हणजे साधारण 30 ग्रॅम मूगडाळीत सुमारे 7 ग्रॅम प्रथिने असतात, पण ती बहुतेक डाळीतच राहतात. उतारवयात दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने असावीत असे तज्ज्ञ मानतात. 50 किलोच्या आजीला 50 ते 60 ग्रॅम. नुसत्या पाण्याने पोट भरते, भूक मरते आणि मांड्या वाळत जातात. तेव्हा डाळ मऊ शिजवून सगळी घोटावी, आले-जिरे घालावे, वरून चमचाभर तूप सोडावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डाळ आणि टोमॅटो यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाकिटातल्या सूपविषयी फार लिहावेसे वाटत नाही. त्यात मीठ पुष्कळ आणि मक्याचे पीठ त्याहून पुष्कळ. दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिंपळगावचे टोमॅटो हाताशी असताना नाशिक जिल्ह्यात पाकीट फोडावे, हे मला तरी पटत नाही. अळणी लागले तर लिंबू पिळावे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ मात्र परस्पर सुरू करू नये. त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते घातक ठरू शकते.

एकादशीला सासूबाईंचा उपवास असतोच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी उपवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आम्ही त्यांना भगर भरपूर पाण्यात मऊ शिजवून, दाण्याचे बारीक कूट घालून, घोटून पेजेसारखी देतो. भगर निवडून, धुऊन घ्यावी. दमट, जुन्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत, म्हणून पीठ साठवू नये, लागेल तेवढेच दळावे.

यंदा द्वादशीला पारणे सुटल्यावर त्यांनी शेंगोळ्यांची फर्माईश केली. हुलग्याच्या पिठाची हाताने वळलेली शेंगोळी, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली, हा आमच्याकडचा हिवाळ्याचा थाट. परंतु पातळ रस्सा आणि त्यात घट्ट तुकडे हा गिळण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी सर्वांत अवघड मेळ. तोंडाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. थेरपिस्टना फोन करून विचारले. मग तिखट बेताचे ठेवून, शेंगोळी मऊ शिजू दिली, रश्शासकट मिक्सरमधून काढली आणि गाळणीतून घासून घेतली. करड्या-तपकिरी रंगाची ती वाटी सासूबाईंनी निरखून पाहिली, पहिला चमचा सावकाश गिळला आणि विचारले, “वळायचा कंटाळा केलास होय गं?” दुसरा चमचा मागितला तेव्हा ठसका लागला नव्हता.