एकट्या टीएसएचवर थायरॉईडचं निदान होत नाही

रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा ठळक छापलेला असतो. तो वाढलेला दिसला की गोळी सुरू होते आणि नॉर्मल असला की ‘थायरॉईडचं काही नाही’ असं सांगून पेशंटला घरी पाठवलं जातं. या दोन्ही निर्णयांमागे एकच गैरसमज आहे आणि तो पेशंटइतकाच अनेक जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांमध्येही आढळतो: टीएसएच म्हणजेच थायरॉईड. वास्तविक टीएसएच गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉईडला काम करायला लावतो. रक्तातलं टी-४ हे संप्रेरक थोडंसं घटलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतो, म्हणून पहिली तपासणी टीएसएचची करणं अगदी योग्य आहे. चूक होते ती तिथेच थांबण्यात.

समजा टीएसएच ६ आला आणि लॅबची वरची मर्यादा ४ च्या आसपास आहे. त्याच रक्तात फ्री टी-४ पुरेसं असेल तर याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉईडची सौम्य कमतरता, म्हणतात, आणि ही अवस्था प्रत्येक वेळी औषध मागत नाही. टीएसएच रात्री वाढतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून उठताना काही काळ चढलेला राहतो. वय वाढतं तसा तोही थोडा वर सरकतो. त्यामुळे किंचित वाढलेले कितीतरी आकडे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले की नॉर्मल येतात. युरोपात अशाच ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर झालेल्या ‘ट्रस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: वर्षभरानंतर थकवा आणि इतर लक्षणांत लिव्होथायरॉक्सिन ही थायरॉईडची गोळी घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. ‘पण छोट्या डोसने बिघडतं काय?’ असं यावर विचारलं जातं. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. शिवाय थकव्याचं खरं कारण, मग ते कमी हिमोग्लोबिन असो, बी-१२ ची कमतरता असो की नैराश्य, शोधायचं राहून जातं. टीएसएच सतत १० च्या वर असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र हिशोब वेगळा. तिथे उपचारात दिरंगाई नको.

उलट बाजू मला जास्त गंभीर वाटते, कारण तिथे आजार नजरेतूनच निसटतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला तर पिट्यूटरी ग्रंथीला इजा होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाळाला दूध येत नाही, पाळी परतत नाही, सतत थंडी वाजते, अंगात त्राण राहत नाही. आणि टीएसएच नॉर्मल येऊ शकतो, कारण तो बनवणारी ग्रंथीच दुखावलेली असते. फ्री टी-४ तपासलं तरच हे कळतं. इथे आणखी एक खबरदारी हवी. अशा बाईचं कॉर्टिसोल हे संप्रेरकही कमी असू शकतं आणि ते न पाहता थायरॉईडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकतं.

टीएसएच खाली गेला की लगेच थायरॉईड अतिसक्रिय करणारा ग्रेव्हज आजार धरून कार्बिमाझोल देणंही तितकंच घाईचं. थायरॉइडायटिसमध्ये, विशेषतः बाळंतपणानंतरच्या, सुजलेल्या ग्रंथीतून साठलेलं संप्रेरक रक्तात उतरतं. कार्बिमाझोल नवं संप्रेरक बनणं थांबवतं, साठलेलं नाही. म्हणजे उपयोग शून्य आणि क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याची भीती मात्र कायम. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळेही काही लॅब-पद्धतींत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता.

‘दिवसाला शंभर पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरने हे सगळं कधी करायचं?’ हा आक्षेप खरा आहे, आणि प्रत्येकाला महागडं पॅनेल लिहून देणं हे त्याचं उत्तर नाही. नुकतं बाळंतपण, चालू असलेल्या गोळ्या, अलीकडचा आजार, एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. आणि हे काम तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणी झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०.९५ टक्के प्रौढांमध्ये हायपोथायरॉइडिझम आढळला होता. एवढे पेशंट एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे मावणार नाहीत. ते फॅमिली डॉक्टरकडेच येणार.

म्हणून आयुष्यभराची गोळी सुरू होण्याआधी वाचकांनी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: फ्री टी-४ पाहिलं का, आणि टीएसएच पुन्हा तपासायचा का? गोळी आधीच चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. सकाळी उपाशीपोटी घ्या, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर ठेवा आणि डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासा. त्याआधी आलेला टीएसएच नव्या डोसचा खरा परिणाम दाखवत नाही.