ठिबक सिंचनात पाण्याचा दाब स्थिर कसा राखावा

ठिबक सिंचनाखालील शेताचे सर्व तुकडे सारख्या आकाराचे क्वचितच असतात. दोन एकर डाळिंबाला पाणी चालू असताना नळात जो दाब असतो, तो अर्ध्या एकर भाजीपाल्याची झडप उघडून डाळिंबाची बंद करताच एकदम चढतो. पाण्याची वाट अरुंद झाली, पंपाचा वेग मात्र तोच राहिला, हे त्याचे कारण होय. अशा वेळी नळ्यांचे जोड निसटतात, किंवा बायपास उघडून उपसलेले पाणी पुन्हा विहिरीत सोडावे लागते. वीज खर्चून वर आणलेले पाणी परत खाली सोडणे कोणासही परवडणारे नाही.

मोटारीचा वेग विजेच्या आवर्तनांवर अवलंबून असतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. ही आवर्तने कमीअधिक करून मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणास व्हीएफडी म्हणतात. वेग ५० वरून ४० हर्ट्झवर आणला असता पंप निर्माण करीत असलेला दाब सुमारे ६४ टक्के आणि लागणारी शक्ती सुमारे निम्मी होते. खोल विहिरीत मात्र पाणी उचलण्यातच बराच दाब खर्ची पडतो. तेथे इतकी बचत होत नाही.

झडप बदलताना दर वेळी वेग हाताने बदलणे शक्य नसते. तेलावरील इंजिनाचा गव्हर्नर पुष्कळांनी पाहिला आहे. भार वाढून वेग उतरू लागला की तो तेल वाढवितो. वेग चढला की कमी करतो. व्हीएफडी हेच काम पाण्याच्या दाबासाठी करते. नळावरील सेन्सर दाब कळवितो, व्हीएफडी तो ठरविलेल्या दाबाशी ताडून पाहते आणि फरकाप्रमाणे वेग बदलते. केलेल्या कामाची खबर अशी पुन्हा काम करणाऱ्याकडे येते, म्हणून ह्यास बंद फेऱ्याचे नियंत्रण म्हणतात.

जोडणी करताना

जोडणी जाणकार वायरमनकडूनच करवून घ्यावी. व्हीएफडी व मोटार ह्यांच्यामध्ये कपॅसिटर मुळीच ठेवू नये. जुन्या स्टार्टरमधील कपॅसिटर आठवणीने काढावा. वीज बंद केल्यावरही व्हीएफडीच्या आत काही मिनिटे धोकादायक दाबाची वीज साठून राहते. उपकरणावर लिहिलेला वेळ गेल्याखेरीज झाकण उघडू नये.

सेन्सर फिल्टरच्या पुढे, सरळ नळावर बसवावा व शेजारी काट्याचे दाबमापक लावावे. ० ते १० किलो दाबाच्या सेन्सरमधून सामान्यतः ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह येतो. २ किलो दाबास ७.२ आला पाहिजे. शून्य दाबासही ४ येत असल्याने, प्रवाह त्याहून बराच खाली गेल्यास तार तुटली असे ओळखता येते. अशा वेळी पंप थांबेल, अशी योजना व्हीएफडीत करून ठेवावी. ती नसेल तर तुटलेल्या तारेस शून्य दाब समजून पंप पूर्ण वेगाने धावेल व नळ फुटतील.

जुळणीचा क्रम

१. प्रथम पंप हाताने ३५, ४०, ४५ व ५० हर्ट्झवर चालवून दाबमापक व सेन्सर ह्यांचे आकडे ताडून पाहावेत. मोटार उलटी फिरत नाही, ह्याची खात्री करावी.

२. सर्वांत दूरच्या तुकड्यातील शेवटच्या नळीत पुरेसा दाब मिळेल, असा दाब ठरवावा.

३. किमान व कमाल वेगाच्या मर्यादा घालाव्यात. दाब कमी झाला की वेग वाढला पाहिजे. ही दिशा उलट लागली तर दाब आवरणार नाही.

४. फरकाच्या प्रमाणात वेग बदलणारा भाग, म्हणजे पी, प्रथम अगदी लहान ठेवावा व हळूहळू वाढवावा. दाब वरखाली झुलू लागला की तो निम्म्यावर आणावा. एवढ्याने दाब ठरविलेल्या आकड्याच्या थोडा अलीकडेच थांबतो. राहिलेला फरक आय हा भाग भरून काढतो. तोही बेताने वाढवावा. डी हा भाग शून्य ठेवणेच बरे.

५. शेवटी एक झडप बंद करून व उघडून पाहावी. दाब थोडा हलून लवकर स्थिरावला, तर जुळणी साधली. रिकामे नळ मात्र कमी वेगानेच भरू द्यावेत. अन्यथा पाण्याचा हादरा बसतो.

विहीर आटल्यास पंप थांबविणारी सोय व नळावर दाब सोडणारी झडप असावी.

दाब ठीक, तरी दोष असू शकतो

ह्या पद्धतीत एक गोष्ट विसरू नये. फिल्टर तुंबला किंवा नळ गळू लागला, तरी व्हीएफडी वेग वाढवून दाब तोच राखते. काटा पाहून दोष कळत नाही. तो कळतो हर्ट्झच्या आकड्यावरून. म्हणून प्रत्येक तुकड्याला पाणी देताना हा आकडा वहीत टिपावा. त्याच तुकड्याला दिवसेंदिवस आकडा चढत असेल तर फिल्टर, गळती व विहिरीतील पाण्याची पातळी पाहावी. उतरत असेल तर ड्रिपर तुंबत आहेत काय, हे तपासावे. वेग ५० हर्ट्झवर पोहोचूनही दाब पुरत नसेल, तर जुळणीत फेरफार करीत बसू नये. एका वेळी लहान तुकड्यास पाणी द्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जुळणी झाल्यावर प्रथम ही वही शेतकऱ्याच्या हाती द्यावी.