जलमार्ग ठरवताना कोणाला विचारायचं?

१२ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय जलमार्ग कायदा लागू झाला आणि देशातल्या राष्ट्रीय जलमार्गांची संख्या ५ वरून थेट १११ वर गेली. गोव्याचे सहा प्रवाह त्या यादीत आहेत: मांडवी, जुवारी, शापोरा, म्हापसा, साळ आणि मांडवी-जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. गोव्यात ‘नद्यांचं राष्ट्रीयीकरण’ म्हणून या निर्णयाला कडाडून विरोध झाला. नद्या राज्याच्याच राहतील, केंद्राकडे जाईल ती केवळ जलवाहतुकीची व्यवस्था, असं सरकारचं उत्तर होतं. कायद्याच्या भाषेत ते चूक नाही. पण वाहतूक नदीपासून वेगळी काढता येत नाही. गाळ किती खोल उपसायचा, जेटी कुठे बांधायची, बार्ज किती वेगाने न्यायची हे ठरलं, की जाळं कुठे टाकता येईल आणि कोणाचं शेत टिकेल हेही त्याच बैठकीत ठरून जातं. म्हणूनच या बैठकीत नदी वापरणाऱ्यांनी स्वतः निवडलेली माणसं हवीत; नुसत्या हरकती-सूचना मागवून भागणार नाही.

खाजन शेतीचंच बघा. खाडीकाठच्या सखल जमिनीला माती-दगडाचा बांध घालायचा आणि त्यात ‘मानस’ म्हणजे लाकडी दारांची मोरी बसवायची. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. त्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरायचा हक्क लिलावात जातो. खाणी जोरात असताना खनिजाच्या बार्ज या नद्यांतून रात्रंदिवस मुरगावकडे जात. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा धोक्याचा होतो, म्हणून त्यांना कुंभारजुव्यातून वळवत. त्यांच्या लाटा बांधाला धडकत राहायच्या. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि भाताचं पीक एका हंगामापुरतंच जात नाही. म्हणजे बार्जचा वेग हा भातशेतीचाही प्रश्न आहे. पण शेतकरी बोट चालवत नाही, त्यामुळे जलवाहतुकीच्या हिशेबात तो बसत नाही.

भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण १९८६ साली स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमतं. सल्लागार समितीची सोय आहे, पण तिच्यात कोणाला घ्यायचं हे पुन्हा प्राधिकरणच ठरवणार. दुसरी पद्धत अशक्य आहे असं मात्र नाही. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे कालवे आणि नद्या २०१२ साली सरकारी महामंडळाकडून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे गेल्या. तिच्या विश्वस्तांची नेमणूक करणाऱ्या परिषदेत खासगी बोटवाल्यांनी मतदान करून निवडलेले प्रतिनिधी बसतात. तरीही तिथे सगळं आलबेल नाही. १९९५ च्या कायद्यानुसार कायमचा धक्का नसलेल्या बोटीला सर्वसाधारणपणे चौदा दिवसांच्या वर एका जागी थांबता येत नाही. अशा फिरत्या बोटींच्या परवाना शुल्कावर ट्रस्टने एप्रिल २०२४ पासून टप्प्याटप्प्याने वाढणारा अधिभार लावला, त्या बोटवाल्यांचा विरोध असतानाही. सगळे बोटवाले एक गट मानले, तर त्यातले अल्पसंख्य आपोआप मागे पडतात. मांडवीत तर पणजीसमोरचं कसिनो जहाज, बार्जचा मालक आणि पाग म्हणजे फेकजाळं टाकणारा होडीवाला हे तिघेही ‘बोटवाले’च. जागा वाटायच्या त्या वापरानुसार, बोटींच्या संख्येनुसार किंवा भरलेल्या शुल्कानुसार नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा, की लोकांनी निवडलेले आमदार आहेत, पंचायती आहेत, मग आणखी प्रतिनिधी कशाला? पण पंचायतीची हद्द काठाशी संपते, आणि आमदाराला मत देताना कोणी गाळउपशाचा विचार करून देत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खोली, प्रवाह, गाळ हे अभियंत्यांचे विषय, तिथे प्रत्येक गटाला खुर्ची दिली तर काम रखडेल. काही प्रमाणात रखडेलही. मात्र किती मीटर खोल उपसता येईल हा प्रश्न अभियंत्याचा. तितकं उपसावं का आणि नुकसान कोणी सोसावं, हा त्याचा नाही. हा दुसरा प्रश्न टाळला तर तो कोर्टात आणि रस्त्यावर येतो, आणि तिथे जाणारा वेळ कोणी मोजत नाही.

गोव्याला हे सगळं परकंही नाही. खाजनांचे बांध शतकानुशतकं ‘गावकरी’ या गावाच्या सामाईक संस्थेने आणि शेतकऱ्यांच्या संघटनांनी सांभाळले. अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना जपूनच बोलावं: गावकरीचं सभासदत्व हा काही घराण्यांतल्या पुरुषांचा हक्क होता; राबणाऱ्याला आणि बायकांना तिथे आवाज नव्हता. आज नवी रचना करायची तर खरी अडचण मतदार यादीची आहे. इंग्लंडमध्ये बोटीचा परवाना हाच मताधिकार. इथे मच्छीमार होड्यांची नोंद मत्स्योद्योग खात्याकडे आहे, खाजनांच्या कूळ संघटनांकडे सभासदांची नावं आहेत, बार्जमालकांची संघटना आहे. ओहोटीला पाण्यात उतरून तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्यांकडे मात्र ना परवाना ना पावती. यादीचं काम त्यांच्यापासून सुरू करावं लागेल, आणि ते पंचायतीच्या कचेरीत बसून होणार नाही; ओहोटीच्या वेळेला काठावरच जावं लागेल.