96 पानांचं घर

कोकणातलं कौलारू घर मुळातच बसकं आणि लांब. समोर खळं, मग पडवी, तिच्यामागे ओटी. फोटो काढायला उभं राहिलं की कॅमेरा आपोआप आडवा धरला जातो, आणि अशा फोटोंचं पुस्तकही आडवंच असावं असं कुणालाही वाटेल. राजापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या घराचं पुस्तक मात्र उभं निघालं. पुण्याच्या प्रेसमधल्या काकांनी फोटो पाहायच्या आधी विचारलं, "प्रती किती, ताई?" मी साठ म्हणाले आणि पुढचं बरंचसं त्या एका आकड्यानं ठरवलं.

साठ प्रतींना ऑफसेट परवडत नाही, याचं गणित साधं आहे. साडेआठ बाय अकरा इंचांची पानं 23 बाय 36 च्या शीटवर एका बाजूला आठ बसतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सोळा पानांचा एक फर्मा. 96 पानांचे सहा फर्मे, त्यांच्या बारा बाजू, प्रत्येक बाजूला चार रंग, म्हणून 48 प्लेटा. प्रती साठ काढा नाहीतर हजार, प्लेटांचा खर्च तेवढाच. घरच्या पुस्तकाच्या हजार प्रती काढून ठेवायच्या कुठे? माळ्यावर वाळवीला खाऊ घालायला!

म्हणून डिजिटल. तिथे प्लेटा नाहीत. एक प्रत काढा, पाहा, दुरुस्त करा, मग पुढच्या काढा. पण प्रेसच्या डिजिटल मशीनवर जाणारा कागद 13 बाय 19 इंचांचा. उभ्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं सतरा बाय अकरा होतात आणि त्यावर आरामात बसतात. कापणीसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीची छपाई लागते, तीसुद्धा. आडव्या पुस्तकाची दोन पानं शेजारी ठेवली तर बावीस इंच होतात. ती बसत नाहीत. मग प्रत्येक पान सुटं छापायचं आणि पाठीला गोंद लावून चिकटवायचं. आर्ट पेपरवर गोंद नीट धरत नाही, पुस्तक पूर्ण उघडत नाही, आणि फोटोचा मधला भाग पाठीच्या घळीत जातो. दोऱ्यानं शिवलेलं पुस्तक हवं असेल तर शीट मधोमध दुमडता आली पाहिजे. शिलाई हवीच होती, म्हणून पुस्तक उभं.

आता खरी मेख. 170 जीएसएमच्या कागदाच्या चार शीट एकात एक घातल्या की घडी जाड होते आणि आतली पानं बाहेर ढकलली जातात. धार कापली की ती बाहेरच्या पानांपेक्षा अरुंद होतात. म्हणून तीन-तीन शीटचे, बारा पानांचे फर्मे धरले. 96 पानांचे आठ. प्रत्येक फर्म्याच्या बरोबर मध्यावरची दोन पानं तेवढी एका सलग कागदाची असतात. बाकी सगळीकडे डावं पान एका शीटचं, उजवं दुसऱ्या शीटचं. त्यावर पसरलेला फोटो शिलाईत एखादा मिलिमीटर तरी वरखाली होणारच. माणसाचा चेहरा किंवा सरळ तुळई तिथे आली की ते लगेच डोळ्याला खुपतं. म्हणजे आडवा फोटो दोन्ही पानांवर सुखानं पसरावा अशा जागा अख्ख्या पुस्तकात आठ: पानं 6-7, 18-19, 30-31, अशा करत 90-91 पर्यंत.

माझ्याजवळ आडवे फोटो शेकड्यांनी होते. त्यातले आठ निवडायचे, तेही क्रमानं. कारण वाचणाऱ्यानं खळ्यातून आत शिरावं आणि मागच्या दारानं बाहेर पडावं अशी पुस्तकाची चाल होती. ही सक्ती नसती तर मी ओटीचेच पाच फोटो घातले असते. सगळेच घालतात. ओटीवर उजेड असतो, झोपाळा असतो, आलागेला माणूस बसलेला असतो. पण फर्मे मोजायला लागल्यावर दिसलं की सहा-सातवर पडवी-ओटी येऊन जाते, अठरा-एकोणीसवर माजघर लागतं, आणि घराचा निम्म्याहून जास्त भाग अजून पुढेच आहे: बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, कोठीची खोली, न्हाणीघर, गोठा, विहीर. घरातल्या बायका जिथे जन्मभर वावरल्या त्या जागा काळोख्या, म्हणून त्यांचे फोटो कमी. त्या भरून काढायला मी पुन्हा गावी गेले.

काळोख्या खोलीत फ्लॅश मारला की खोली मरते. माजघरात उजेड येतो तो एका काचेच्या कौलातून. सकाळी त्याचा कवडसा भिंतीवरून उतरत जमिनीवर येतो आणि दुपारी दुसऱ्या भिंतीवर चढतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून दोन-तीन सेकंद उघडा ठेवला की खुंट्या, फडताळ, कोनाड्यातली धुरकट चिमणी हळूहळू दिसायला लागतात. कॅमेरा पातळीत हवा. जरा वर कलला की खांब मागे पडल्यासारखे दिसतात. चुलीवरच्या भिंतीचा फोटो मला सगळ्यात आवडतो. काजळीच्या थरात तिथे चौकोनी फिकट ठसा आहे. वर्षानुवर्षं एक फळी होती, ती काढल्यावर उरलेला.

स्क्रीनवर तो ठसा स्वच्छ दिसत होता. पहिल्या छापील प्रतीत नुसता काळा चौकोन आला. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. म्हणून आतल्या सगळ्या फोटोंच्या सावल्या एक पायरी उचलून घेतल्या. काळोखच घालवून टाकला तर माजघर माजघर राहत नाही, तेव्हा किती उचलायच्या ते खिडकीशी प्रूफ धरूनच ठरवायचं. चार रंगांच्या छपाईत जांभ्याचा तांबडा रंग बऱ्यापैकी टिकतो. पावसाळी शेवाळाचा पोपटी टिकत नाही, मळकट होतो. त्याला इलाज नाही. मी पावसाळ्यातले बरेच फोटो काढून टाकले आणि दिवाळीनंतरचे ठेवले.

उभ्या पानांचा फायदा मागाहून कळला. घरात उभ्या गोष्टी पुष्कळ असतात: दाराची चौकट, माळ्याची शिडी, विहिरीवरचा रहाट, भिंतीला टेकवलेलं मुसळ. कौलाचाही एक फोटो आहे, उलटं करून काढलेला. मंगलोरी कौलावर मागच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली, त्यानंतर तशी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आमच्या गोठ्यावर मात्र परवापर्यंत नळेच होते, तेही शेजारच्या पानावर आहेत.

यातली कुठलीही गोष्ट सांगायला फोटो पुरत नाही. त्यासाठी आत्या लागली. तिच्यापुढे प्रूफ ठेवलं की ती फोटोकडे कमी आणि कोपऱ्याकडे जास्त पाहायची. "अगो, ही खुंटी दादांच्या कोटाची. आणि ह्या खोलीत तुझ्या बापाच्या आधीची दोघं झाली, ती राहिली नाहीत." बाळंतिणीच्या खोलीच्या पानाखाली आता तिथे जन्मलेल्यांची नावं आहेत, ती दोघंही. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत काढायची जुनी प्रथा आहे. वर्गणी जमवून, हौसेनं काढलेली ही पुस्तकं म्हणजे एका अर्थी स्वप्रकाशनच. पण त्यात वंशावळ असते मुलग्यांची. सून कुठल्या गावची आणि लेक कुठे दिली, एवढ्या ओळीत बाईचा कारभार आटपतो. घर कसं होतं ते तर त्यात जवळजवळ कधीच नसतं. माझ्या मते घराच्या पुस्तकात फोटोपेक्षा ओळी मोलाच्या. पन्नास वर्षांनी देखणा फोटो कुणीही काढील. ती खुंटी कुणाची, हे कुणाला विचारणार?

अक्षरजुळणीबद्दल एवढंच सांगते: प्रेसच्या मशीनवर युनिकोड मजकूर नुसता चिकटवायला दिला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. फॉन्ट आत बंदिस्त केलेली पीडीएफच द्यावी. मी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' वापरला. तो फुकट मिळतो आणि लहान आकारातही वाचता येतो.

बाइंडरनी छपाईच्या आधी कागदाचा एक पट्टा ओला केला. तो नळीसारखा वळला. नळी ज्या दिशेनं लांब, ती कागदाची ग्रेन. घडी ग्रेनच्या दिशेनं पडली तर पान मऊ उलटतं. आडवी पडली तर ताठ राहतं आणि घडीवरची शाई तडकून पांढरी रेघ दिसते. तयार मिळणारा 13 बाय 19 चा कागद बहुधा लांबीच्या ग्रेनचा असतो, आणि आमची घडी तर आखूड बाजूला समांतर. शेवटी मोठ्या शीटमधून कागद उलट्या दिशेनं कापून घेतला. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. तरी तो वाचवू नये. पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा कळतं ते हेच.

आयएसबीएन आपल्याकडे शुल्काशिवाय मिळतो आणि लेखकाला स्वतःला अर्ज करता येतो, पण पुस्तक विकायचं नसेल तर त्यावाचून अडत नाही. ग्रंथालयांचं तसं नाही. एड रुशे या अमेरिकन चित्रकारानं 1963 साली पेट्रोल पंपांच्या 26 फोटोंचं पुस्तक स्वतःच काढलं, 400 प्रती. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते नाकारलं, तेव्हा त्यानं त्या नकाराचीच जाहिरात एका कलाविषयक मासिकात दिली. आपल्याकडे उलट, 1954 च्या कायद्यानं प्रकाशकानंच पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चानं, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. प्रकाशक म्हणून तुमचं नाव छापलंत की ते काम तुमचं. तेव्हा घराचं पुस्तक काढलंत तर त्या चार प्रती बाइंडरकडून आल्या आल्या बाजूला काढून ठेवा. उरलेल्या नातेवाईक पुरू देत नाहीत.