दीड टक्क्याचा हिशेब

वितळलेले सोने थंड होताना आकसते. दाढेच्या कॅपसाठी जे मिश्र सोने वापरतात, त्यात ही घट साधारण दीड टक्का भरते. अंगठी जराशी घट्ट झाली तर सोनार ती ठोकून वाढवून देतो. कॅपला ती सोय नाही. दाढ 10 मिलिमीटर रुंद धरली तर दीड टक्का म्हणजे 0.15 मिलिमीटर. एवढी तोकडी कॅप दाढेवर पुरती उतरतच नाही आणि कडेच्या फटीत अन्न अडकून आतली दाढ पुन्हा किडते. डेंटल लॅबमधल्या ओतकामाची सगळी खटपट या एवढ्याशा घटीपायी आहे.

कृती तशी जुनीच. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, भट्टीत मेण काढून टाकायचे आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मूर्ती ओतण्याची ही रीत नोंदलेली आहे. दंतवैद्यकात ती रुळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. तोवर सोन्याचा वर्ख दाढेतल्या खड्ड्यात थरावर थर ठोकून बसवत, आणि रोगी बिचारा तोंड उघडून बसलेला. 1907च्या जानेवारीत शिकागोच्या विल्यम टॅगर्टने न्यूयॉर्कच्या दंतवैद्यांपुढे सोन्याची इनले, म्हणजे खड्ड्यात बेताने बसणारा तुकडा, ओतण्याची पद्धत मांडली. त्याच्या यंत्रात वायूच्या दाबाने सोने साच्यात शिरे. त्याने पेटंट घेतले, वापरणाऱ्यांकडे पैसे मागितले, आणि प्रकरण कोर्टात गेले. आयोवातल्या फिलब्रुक नावाच्या दंतवैद्याने 1897 मध्येच हे सांगून ठेवले होते, असे तिथे निघाले आणि पेटंट टिकले नाही. तरी नाव झाले ते टॅगर्टचेच.

त्या काळच्या इनले तोकड्या पडत. धातूचे आकसणे थांबवता येत नाही, तेव्हा साचाच तेवढा फुगवायचा, हा त्यावरचा तोडगा. साच्याच्या पावडरीला लॅबमध्ये ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात. तिच्यात सिलिका असते आणि ती धरून ठेवायला जिप्सम. कालवलेली पावडर घट्ट होतानाच थोडी फुगते. मग भट्टीत सिलिकाची स्फटिकरचना बदलते आणि साचा आणखी पसरतो. सिलिकाचे क्वार्ट्झ हे रूप 573 अंश सेल्सिअसला बदलते, क्रिस्टोबलाइट हे रूप त्याच्या कितीतरी आधी, 200 ते 270 अंशांच्या दरम्यान. पाणी कमी घातले की फुगवटा वाढतो, म्हणून मुरलेला टेक्निशियन पाणी मोजूनच घालतो. साच्याभोवतीचे धातूचे कडे हा फुगवटा अडवते, त्यामुळे त्याच्या आतून मऊ पट्टी लावतात. पूर्वी ती ॲस्बेस्टॉसची असे. त्याची धूळ किती जणांच्या छातीत गेली असेल!

मेणही कमी लहरी नाही. गरम करून वळवलेल्या मेणात ताण उरतो आणि नमुना तसाच ठेवला तर तो हळूहळू वाकडा होतो. मे महिन्यात तर विचारूच नका. म्हणून नमुना झाला की लगेच साच्यात घालायचा. धातू आत जाण्याची वाट, म्हणजे स्प्रू, जाड ठेवायची. ती कॅपच्या आधी गोठली तर कॅपला धातू पुरत नाही आणि आत पोकळ्या राहतात. साचा गरम असतानाच कास्टिंग मशीनचा हात गरगर फिरतो आणि वितळलेले सोने पोकळीच्या टोकापर्यंत फेकले जाते.

जिप्समचा साचा 700 अंशांपुढे तापवायचा नाही. तापवला तर गंधकाचे वायू सुटून सोने ठिसूळ होते. 1971 नंतर सोन्याचे भाव भडकले आणि लॅब निकेल-क्रोमसारख्या स्वस्त मिश्रधातूंकडे वळल्या. हे धातू फार जास्त तापमानाला वितळतात आणि आकसतात दोन टक्क्यांहून अधिक. त्यांना जिप्सम पुरेना, फॉस्फेटचा साचा लागला. शिवाय काही जणांना निकेल सोसत नाही, ते वेगळेच.

आता झिर्कोनियाच्या कॅप संगणकाच्या हुकमाने कोरल्या जातात आणि ओतकाम मागे पडत चालले आहे. पण लिथियम डायसिलिकेटच्या कॅप अजूनही अनेक लॅबमध्ये अशाच होतात. मेणाचा नमुना, फॉस्फेटचा साचा, भट्टी. आणि धातू ओतण्याऐवजी तापून मऊ झालेली काचेसारखी सिरॅमिकची गोळी दट्ट्याने पोकळीत दाबायची.